थोरबीसाहेबांच्या वीस फेऱ्या

प्रिय ईरा आणि कबीर,

गेल्या आठवड्यात ईराने मला इंटरनेटवरचं एक पान पाठवलं. जुन्या काळी शर्यतीच्या गाड्या चालवणाऱ्या इंग्रज ड्रायव्हरांची कुणीतरी मेहनतीने केलेली यादी आहे ती. ज्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत, अशांनाही त्यात तीन-चार ओळींची जागा दिली आहे. "आजी, हा तुझाच थोरबी का?" असं तिने खाली लिहिलं होतं. हो, माझेच. रेजिनाल्ड थोरबी. त्यांच्या वाट्याला साडेतीन ओळी आल्या आहेत आणि शेवटचं वाक्य असं आहे: भारतात एक शर्यत, पूर्ण केली नाही. मी चष्मा पुसून ते तीनदा वाचलं. तुमची आई फोनवर म्हणाली, "अगं, जाऊ दे ना आता. कोण वाचतंय ते?" मी वाचते आहे. ती शर्यत त्यांनी पूर्ण केली होती हे सांगू शकेल असं माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही, आणि माझ्या वयात 'निवांत लिहू' हे शब्द वापरायचे नसतात. म्हणून आजच सकाळी, डबा आणि देवपूजा उरकून, डोंबिवलीच्या या चौथ्या मजल्यावर वही उघडून बसले आहे. मराठीत लिहिते, कारण ही माणसं मला मराठीतच आठवतात, अगदी तो इंग्रजसुद्धा. अडेल तिथे आईला विचारा.

आमचं घर ठाण्याच्या खाडीपलीकडे कळव्याच्या बाजूला होतं. आम्ही तिथले जुने. आधी भातशेती आणि मिठागर, मग भाऊबंदांतल्या कुणाकुणाच्या जमिनी गेल्या, कुणी कारखान्यात लागले. माझे वडील, ज्यांना आम्ही बा म्हणायचो, ते आंबिवलीच्या एका कारखान्यात फिटर होते. घराच्या मागे त्यांनी पत्र्याची शेड बांधली होती, आणि सुट्टीच्या दिवशी पंचक्रोशीतले पंप, इंजिनं, शिलाई मशीनं तिथे येऊन पडायची. घरात सकाळी तीन आवाज असायचे: आईच्या हातावर थापल्या जाणाऱ्या तांदळाच्या भाकरीचा, शेडमधल्या कानशीचा, आणि भिंतीपलीकडे राहणाऱ्या माझ्या आत्याचा. आत्याचा आवाज कशासाठी आहे हे विचारावं लागत नसे; ती भांडत नसेल तेव्हा कोंबड्यांशी बोलत असे. वास मात्र एकच, सुक्या बोंबलांचा. नन्सच्या शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी नाकाला रुमाल लावायची. मी तिला एकदा शुद्ध इंग्रजीत सांगितलं की वास माझ्या डब्याचा आहे आणि डबा मी बदलणार नाही. पुढे ती माझ्याच डब्यातली चटणी मागून खाऊ लागली. त्या शाळेत मला घालायचा हट्ट बांचा होता. त्यांना स्वतःला इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि कारखान्यातली सगळी नकाशे-पत्रकं इंग्रजीत असायची.

मोजायची सवय मात्र शाळेतली नाही. ती मिठागरातली. माझी आजी मिठाच्या टोपल्या डोक्यावरून वाहायची. पहिल्या टोपलीला आमच्याकडे 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन. प्रत्येक टोपलीमागे ती एक शिंपला डाव्या ओटीतून उजव्या ओटीत टाकायची, आणि मुकादम एखादी टोपली मोजायला विसरला तर पुढची उचलायचीच नाही. उन्हात तशीच उभी राहायची. आई हे सांगताना हसायची, पण तिच्या हसण्यात गंमत कमी आणि अभिमान जास्त असे.

थोरबीसाहेब कारखान्यात तीन वर्षांच्या करारावर आलेले इंजिनिअर. वय चाळिशीच्या पुढे, उंची बेताची, कान मोठे आणि उन्हाने कायम सोललेले. एका रविवारी ते मोटरसायकलवरून आमच्या दारात आले. मागून टेम्पोत चार लाकडी खोके आले. खोक्यांत एका गाडीचे तुकडे होते. आपल्या रस्त्यावरच्या गाडीसारखी गाडी नव्हे. एकाच माणसाची, शर्यतीची. चारही चाकं अंगाबाहेर उघडी, लांबट निमुळतं धड आणि मध्ये एक भोक, त्यात माणूस पाय लांब करून बसतो. चौकट आणि इंजिन इंग्लंडहून आलं होतं, पण वरचं पत्र्याचं अंग प्रवासात चेपून गेलं होतं. ते बांनी नवीन बनवावं अशी त्यांची विनंती होती. आईने चौकटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ह्या पडवलात बसून सायेब जानार कुठं?" मी पडवळासकट भाषांतर केलं. साहेब म्हणाले, "गोल गोल फिरून परत इथेच." आई म्हणाली, "मंग एवरी घाई कशाला?" साहेब हसले आणि चेपलेला पत्रा उलटून बांना दाखवू लागले.

त्यांची हकीकत मला हळूहळू कळली, कारण दर रविवारी दुभाषी मीच. त्यांचे वडील पाव पोचवायची गाडी चालवायचे, त्याच गाडीच्या मागे दोरीने शर्यतीची गाडी बांधून थोरबीसाहेब शर्यतींना जायचे. बारा वर्षं. लढाईनंतर ओस पडलेल्या विमानतळांवर, पावसात, गवताच्या कडेने. पाचवा, सातवा, गिअर तुटला, सहावा, चाक निसटलं. एकदा दोन फेऱ्या सगळ्यांच्या पुढे होते, मग पेट्रोल संपलं. एका कार्यक्रम-पत्रिकेत त्यांचं नाव छापायचंच राहिलं होतं, ती पत्रिकासुद्धा त्यांनी जपून ठेवली होती. बारा वर्षांत त्यांना एकही कप मिळाला नव्हता, तिसऱ्या नंबराचासुद्धा नाही. त्यांना त्याची लाज वाटत नसे, पण ते विसरलेही नव्हते. करार संपत आला तेव्हा ते म्हणाले, "इथली एक शर्यत करतो आणि मग गाडी विकून घरी जातो. एक कप हवा, मिस म्हात्रे. लहानसा चालेल. घरी भिंतीतल्या शेकोटीवर फळी असते, तिच्यावर एक वस्तू हवी." मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्यांनी मला दोन स्टॉपवॉच दिली, टेंभी नाक्यावरच्या घड्याळजीकडून दुरुस्त करून आणलेली, आणि फेऱ्या मोजायचं काम दिलं.

पत्रा ठोकायला वाळूचं पोतं लागतं. आमच्याकडे मिठाचं होतं. जाड्या मिठाचं पोतं दमट हवेत दगडासारखं बसतं आणि हातोड्याखाली हवं तेवढंच दबतं, असं बांचं म्हणणं. साहेब आधी हसले, मग हात लावून पाहिला आणि स्वतःच हातोडा उचलला. सहा महिने आमच्या घरात ठप्प ठप्प चालू होतं. आत्या भिंतीपलीकडून ओरडायची, "सायबाचा पालना बनवतंय का रं, दादा?" दुपारी साहेब पडवीत मांडी घालायचा प्रयत्न करून जेवायचे. पहिल्या दिवशी बोंबलाच्या कालवणाने त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आईने ताट ओढून घेतलं तर त्यांनी ते परत ओढलं. करंदीचं सुकट, नारळाच्या रसातली भाजी, वरून ताक. त्यांच्या बंगल्यावर खानसामा होता, तो दर सोमवारी बांना कारखान्याच्या फाटकाशी गाठून तक्रार करायचा की साहेब माझ्या हातचं बेचव म्हणतात.

शर्यतीचा दिवस उजाडला. आता एक गोष्ट लिहिते, जी मी माझ्या आईच्या हयातीत कधीच बोलले नाही.

शर्यतीच्या इंजिनाला हवा ओढण्यासाठी सनईच्या तोंडासारखी दोन उघडी तोंडं असतात, त्यांना जाळी नसते. इंजिन बंद असलं की बा त्यांवर फडकं बांधून ठेवत. सकाळी ट्रकमध्ये चढवण्याआधी आईने गाडीची पूजा मांडली. नाकावर स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, झेंडूचा हार. पाच सवाष्णी बोलावल्या होत्या, त्यात आत्या सगळ्यांत पुढे. बा ट्रकवाल्याला आणायला गेले होते. आईचं लक्ष त्या तेलकट फडक्याकडे गेलं.

"देवासमोर मलका फरका ठेवतान का गो? काढ तो."

"बा रागावतील," मी म्हटलं.

"मंगलाचं काम हाय. मी हाय ना. काढ."

मी काढलं. पाचही जणींनी लग्नात टाकतात तशा मूठ-मूठ अक्षता गाडीवर टाकल्या. आत्या तर म्हणाली, "नवरीवर कमी टाकतान का?" आणि आणखी एक मूठ टाकली. साहेब हात जोडून उभे होते, केसांत तांदूळ. बा परतले, फडकं नाही हे पाहून नवं बांधलं, माझ्याकडे एक नजर टाकली आणि ट्रकचा फाळका पाडला.

शर्यत कल्याणपुढे, विठ्ठलवाडीच्याही पलीकडे, लढाईच्या काळातल्या एका जुन्या धावपट्टीवर होती. आज तिथून जाताना दोन्ही बाजूंना इमारती दिसतात आणि पट्टीच्या उरल्यासुरल्या सिमेंटवर लोक स्कूटर शिकतात. तेव्हा नुसतं गवत होतं. तेलाचे ड्रम आणि पेंढ्याचे भारे लावून वळणं आखली होती. सात गाड्या, वीस फेऱ्या. मधोमध रुंदीभर एक पांढरी रेघ, तिथे सुरुवात आणि तिथेच शेवट. गाड्या थांबायच्या जागा धावपट्टीला लागून होत्या, मध्ये ड्रमची रांग, आणि रेघ तिच्याखालून आमच्या बाजूलाही ओढलेली. आमची जागा त्या रेघेच्या पुढे होती. म्हणजे गाडी आमच्यापर्यंत आली, तर रेघ ओलांडूनच आली. हे लक्षात ठेवा. बाकी सगळं त्यावर आहे.

मुंबईहून आलेल्या एका गिरणीमालकाच्या मुलाची लाल गाडी पहिल्यापासून पुढे होती. साहेब दुसरे, मग काही फेऱ्या तिसरे. मी वहीत लिहीत होते आणि ओच्यात शिंपलेही होते. वही चुकली तर शिंपले, शिंपले चुकले तर वही. सहाव्या फेरीच्या शेवटी इंजिनाचा आवाज वळणावर कमी व्हायला हवा होता, तो झाला नाही. साहेबांनी इंजिन बंद केलं, गाडी नुसत्या वेगावर ड्रमच्या अलीकडून आमच्या बाजूला घेतली, रेघ ओलांडली आणि बांसमोर उभी केली. "थ्रॉटल अडकलाय," ते म्हणाले. बांनी त्या दोन तोंडांत डोकं घातलं आणि माझ्याकडे हात केला.

"सुलू, आकडा दे."

मी केसांतला आकडा काढून दिला. त्याच्या टोकाने त्यांनी आतल्या झडपेच्या कडेला बसलेला एक दाणा बाहेर काढला. कुंकवाने लाल झालेला तांदूळ. धावपट्टीच्या हादऱ्यांनी कुठून तरी खाली उतरलेला. बांनी तो मला दाखवला, साहेबांना नाही, आणि खिशात टाकला. "गेला," ते म्हणाले. सगळं मिळून पाऊण मिनिट. मी वहीत लिहिलं: सहावी पूर्ण, रेघेपुढे थांबले, परत गेले. घरी गेल्यावर आईने विचारलं, तर बा म्हणाले, "वायसर खराब व्हता." आई जाईपर्यंत तो वायसरच राहिला.

त्यानंतर साहेबांनी जी गाडी चालवली तशी मी पुन्हा कधी पाहिली नाही, टीव्हीवरसुद्धा नाही. ते जोरात चालवत नव्हते. ते काहीच वाया घालवत नव्हते. त्याच ड्रमला दर वेळी तेवढंच अंतर, वीतभर. ऊन चढलं, दोन गाड्या वाफ सोडत बसल्या, एकीचं टायर फाटलं. लाल गाडी तापून मंद व्हायला लागली. माझ्या वहीप्रमाणे विसाव्या फेरीत, पलीकडच्या टोकाच्या वळणावर, साहेबांनी तिला आतून मागे टाकलं आणि चार सेकंद आधी रेघ ओलांडली. झेंडेवाला हलला नाही. चार सेकंदांनी लाल गाडी आली आणि त्याने झेंडा टाकला.

क्लबचे तीन मोजणीदार ड्रमच्या पलीकडे, मंडपात बसले होते. साहेब सहाव्या फेरीला ड्रमच्या अलीकडून रेघ ओलांडून गेले, ते त्यांना दिसलंच नव्हतं. त्यांच्या हिशेबी साहेबांच्या एकोणीस फेऱ्या झाल्या होत्या. बाकीचे त्याहून मागे, म्हणून साहेब दुसरे.

क्लबचे सेक्रेटरी निळ्या कोटात होते आणि टेबलावर चांदीचे तीन कप मांडले होते. नियम असा होता की निकालपत्रावर प्रत्येक विजेत्या गाडीच्या बाजूने फेऱ्या मोजणाऱ्याने सही करायची; सहीशिवाय नंबर नाही. त्यांनी माझ्यासमोर कागद सरकवला.

"सेकंड प्लेस. अभिनंदन. इथे सही कर, बेबी."

मी वही उघडून सहावी ओळ दाखवली. त्यांनी ती पाहिली नाही.

"आमचे तीन लोक चुकले आणि तू एकटी बरोबर?"

"हो. त्यांच्या जागेवरून ड्रममुळे आमच्या बाजूची रेघ दिसत नाही. इथून वीस पावलं आहेत. चला, उभं राहून बघा."

"प्रमुख पाहुणे चहाला थांबलेत. ही भातुकली नाही."

"म्हणूनच म्हणते, चला."

आजूबाजूला लोक जमले होते. लाल गाडीवाला मुलगा भला होता, तो म्हणाला, "अंकल, देख लेते हैं ना," पण त्याच्या वडिलांनी त्याला खांद्याला धरून बाजूला नेलं. सेक्रेटरींनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. सही केली नाहीस तर दुसरा नंबरही जाईल, मागचा पुढे येईल, असं त्यांनी सावकाश, मला इंग्रजी समजत नसल्यासारखं सांगितलं. बा टोपी हातात घेऊन माझ्या कानाशी आले.

"सही कर गो बाय. सायबाला कप तरी घावंल."

मी साहेबांकडे पाहिलं. तोंडावर तेल, डोळ्यांभोवती गॉगलची पांढरी वर्तुळं. ते कपाकडे बघत होते. मधला. खरंच लहानसा होता. ते हळूच म्हणाले, "करा सही, मिस म्हात्रे. पुरे आहे मला."

इथे तुम्हाला वाटेल की आजीला क्षणभर मोह झाला. झाला. फडकं मी काढलं होतं. दाणा माझ्यामुळे आत गेला, गाडी माझ्यामुळे थांबली, आणि ज्या माणसाने बारा वर्षं एका कपाची वाट पाहिली त्याच्या आणि कपाच्या मध्ये आता पुन्हा मीच उभी होते. पण त्या कागदावर लिहिलं होतं की मी एकोणीस फेऱ्या मोजल्या. मी वीस मोजल्या होत्या. मी पेन टेबलावर ठेवलं, टोपण लावून, आणि म्हटलं, "विसावर सही करीन. एकोणिसावर नाही."

सेक्रेटरींनी साहेबांच्या नावावर आडवी रेघ मारली, बाजूला 'पूर्ण केली नाही' असं लिहिलं, खालची कार्बन प्रत फाडून माझ्याकडे टाकली आणि म्हणाले, "ठेव. शाळेत दाखव."

परतताना विठ्ठलवाडीच्या रेल्वे फाटकाशी थांबलो तेव्हा साहेब म्हणाले, "तो माझा कप होता."

"तुमचा पहिला होता," मी म्हटलं.

"पहिला मिळणार नव्हता. हे तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

मालगाडी जाईपर्यंत ते डबे मोजत असल्यासारखे बघत राहिले. मी माफी मागितली नाही. फडक्याबद्दल मागायला हवी होती, ते आज कबूल करते. सहीबद्दल नाही. त्यांच्या जागी तुम्ही असता तरी मी तेच केलं असतं, आणि तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलं असतं तरी तेच केलं असतं. लोक मला आजवर सांगत आले आहेत की माणसासाठी थोडं वाकावं. तुमचे आजोबाही सांगायचे. मी पुष्कळ गोष्टींत वाकले आहे, तुमच्या आईला विचारा. जे डोळ्यांनी मोजलं त्यात नाही.

तीन रविवार साहेब आले नाहीत. चौथ्या रविवारी निरोप घ्यायला आले. आईने भरलेलं पापलेट केलं होतं. जेवणानंतर त्यांनी फेऱ्यांचं पान मागितलं. मी नक्कल करून देऊ लागले तर म्हणाले, "नक्कल नको. तुम्ही लिहिलेलंच." मी वहीतून पान फाडून दिलं. पडवीत उभं राहून त्यांनी पहिल्या ओळीपासून एकेका ओळीवर बोट ठेवत, ओठ हलवत मोजलं. सहाव्या ओळीवर थांबले, 'रेघ' या शब्दावर बोट तसंच ठेवून. मग शेवटपर्यंत गेले. "वीस," ते म्हणाले. पानाची चौघडी करून खिशात ठेवली, आईला नमस्कार केला आणि मोटरसायकलवर बसले. आभार मानले नाहीत. पत्रही कधी आलं नाही. त्या पानाचं त्यांनी काय केलं, ते फळीवर ठेवलं की बोटीवरून समुद्रात टाकलं, मला माहीत नाही आणि मी गोड काहीतरी रचून सांगणार नाही.

शेड गेली, मिठागरावर खारफुटी वाढली, क्लब बंद पडला, बा गेले, आई गेली. निकालपत्राची कार्बन प्रत माझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत आहे. निळी अक्षरं फिकी झाली आहेत, पण वाचता येतात. थोरबीसाहेबांच्या नावापुढे सहीसाठी ठेवलेली जागा आहे. ती कोरी आहे.